घरचें विणकाम : चांदणीच्या दुपट्याला झालर कां येते?

गेल्या महिन्यांत सदाशिव पेठेंतील आमच्या एका स्नेह्यांच्या घरून बोलावणें आलें. निरोप असा कीं, "आजीबाईंचें दुपटें बिघडलें आहे, तुम्ही विणकामावर लिहितां, तर एकदां येऊन पाहून जा." या सदराकडे येणारीं पत्रें आम्ही नेहमींच वाचतों व जमेल तशीं उत्तरेंही देतों, पण वैद्याला रोग्याच्या उशाशीं न्यावें तसें आम्हांस कोणी नेण्याचा हा पहिलाच प्रसंग. गेलों तों घरांतलें वातावरण कांहीं वेगळेंच दिसलें. चहा आला, विचारपूस झाली, परंतु दुपट्याचा विषय कोणी काढीना.

आजीबाईंचें वय ऐंशीच्या पुढें. त्यांची नात अमेरिकेंत असते आणि तिचे दिवस भरत आलेले. तिची आई, म्हणजे आजीबाईंच्या सूनबाई, लेकीच्या बाळंतपणासाठीं सोळा दिवसांनीं विमानानें जावयाच्या होत्या. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा, जुन्या मऊ लुगड्यांचीं लंगोटीं, टोपडीं, अंगडीं असा सारा बाळंतविडा एका खोलींत मांडून ठेवला होता. या घरांत जन्मलेल्या प्रत्येक मुलाचें पहिलें दुपटें आजीबाईंच्या हातचें, असा पन्नास-पंचावन्न वर्षांचा रिवाज. आणि येणारें बाळ तर त्यांचें पहिलें पणतवंड. नातीनें हौसेनें बारा टोंकांच्या चांदणीचा एक नमुना तिकडून धाडला होता. धाकट्या नातवानें तो मोबाइलवरून वहींत उतरून घेतला, तुळशीबागेंतून पिवळी लोकर आणली, आणि आजीबाईंनीं तीन आठवडे बसून चौदा फेऱ्या विणल्या.

त्या चौदा फेऱ्या अखेरीस आमच्या मांडीवर आल्या. दुपटें म्हणावयाचें तें जेमतेम वीतभर रुंद, आणि कांठाला अशी दाट झालर आलेली कीं जमिनीवर ठेवलें तरी तें टपोऱ्या झेंडूच्या फुलासारखें उभें राही. हातानें दाबून एक बाजू सपाट केली कीं दुसरी उसळून वर येई. "पुढें पुढें बसेल, असें म्हणत विणीत गेलें," आजीबाई म्हणाल्या, "पण दर फेरीला जास्तच फुगलें." सूनबाई आम्हांस दाराशीं गांठून हळूच बोलल्या, "आईंचा हात आतां पूर्वींसारखा राहिला नाहीं. पण त्यांना सांगणार कोण?" सांगण्याची गरज नव्हती. आजीबाईंनीं क्रोशाची सुई देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यांत ठेवून दिली होती व "आतां ही तुमच्यांतच कोणी घ्या," असें चार दिवसांपूर्वींच जाहीर केलें होतें. लक्ष्मी रस्त्यावरून एक तयार पांघरूण विकत आणून पेटीच्या तळाशीं ठेवलें आहे, हें आम्हांस मागाहून कळलें. आजीबाईंना तें आधींच ठाऊक होतें.

विणकाम बिघडलें म्हणजे घरांत प्रथम दोष येतो तो हाताला, मग लोकरीला. कागदाकडे सहसा कोणी संशयानें पाहत नाहीं. तो लिहिलेला असतो ना! आम्ही मात्र तिघांचीही झडती घेतों. म्हणून पहिल्यानें हात तपासला. कामावर चार ठिकाणीं दहा-दहा टाके मोजून पट्टी लावली. चारी ठिकाणीं माप एकच. थरथरणाऱ्या हाताचें काम कुठें सैल, कुठें घट्ट असतें, व तें दोन हात दूर धरलें तरी डोळ्यांना कळतें. येथें तर टाके ओळीनें लावलेल्या ज्वारीच्या दाण्यांसारखे. आणि हात सगळीकडे सारखाच सैल असता तरी काय झालें असतें? चांदणी थोडी मोठी झाली असती, एवढेंच. सैल हातानें काम मोठें होतें, घट्ट हातानें लहान होतें. तेवढ्यानें झालर येत नाहीं.

मग टाके मोजले. चौदाव्या फेरींत तीनशें बारा. चांदणीची प्रत्येक कड तेरा टाक्यांची. कागदाप्रमाणें हेंच व्हावयास हवें होतें. म्हणजे चौदा फेऱ्यांत ऐंशीपार बाईंची मोजणी एका टाक्यानेंही चुकली नव्हती. हें आम्हीं मोठ्यानें सांगितलें, सूनबाई ऐकतील अशा बेतानें सांगितलें.

उरला कागद. तो वाचतां वाचतां एका ओळीशीं आम्ही थांबलों. फेरीच्या आरंभीं तीन सांखळ्या घ्याव्या व त्या पहिल्या 'डबल क्रोशे'च्या जागीं मोजाव्या, असें नातवानें लिहून घेतलें होतें. कामाकडे पाहिलें तों प्रत्येक फेरीच्या आरंभीं एक लहानसा फांसा, चोळीचें बटण सुटून बाहेर यावें तसा, बाहेर आलेला. "हा कां बाहेर येतो?" आम्हीं विचारलें. आजीबाई म्हणाल्या, "मलाही तेंच कोडें पडलें होतें. एवढ्याशा टाक्याला तीन सांखळ्या कशाला, असें रोज मनांत येई. पण कागदांत आहे, म्हणून केलें."

रोग सांपडला तो याच वाक्यांत. आजीबाईंच्या हातांना तो पहिल्या दिवशींच कळला होता. कागदाचा मान राखावा म्हणून त्या गप्प बसल्या.

आतां थोडें टाक्यांच्या नांवांविषयीं. आपल्याकडे क्रोशाच्या कामांत सांखळी, मुका खांब आणि खांब हीं नांवें रूढ आहेत व तीं अगदीं पुरेशीं आहेत. सुई टाक्यांत घालून धागा ओढला, सुईवर दोन फांसे झाले, आणि पुन्हां धागा घेऊन तो दोहोंतून एकदम काढला कीं झाला मुका खांब. हा टाका बसका. जेवढा रुंद साधारण तेवढाच उंच. सुईला आधीं धाग्याचा एक वेढा दिला, मग टाक्यांत घालून धागा ओढला, म्हणजे सुईवर तीन फांसे होतात. ते दोन-दोन करून दोन वेळां काढले कीं झाला खांब. तो मुक्या खांबाच्या जवळजवळ दुप्पट उंच. एक सांखळी मुक्या खांबाच्या उंचीची, तीन सांखळ्या खांबाच्या उंचीच्या, हें तर शाळकरी मुलींनाही पाठ असतें.

घोटाळा आहे तो इंग्रजीचा. विलायतेंत आपल्या मुक्या खांबाला 'डबल क्रोशे' म्हणतात व खांबाला 'ट्रेबल'. अमेरिकेंत मुक्या खांबाला 'सिंगल क्रोशे' म्हणतात आणि खांबाला 'डबल क्रोशे'. भाषा एक, शब्द एक, आणि टाके मात्र दोन! आजीबाई शाळेंत शिकल्या त्या विलायती पुस्तिकांवरून. त्यांच्या लेखीं डबल क्रोशे म्हणजे मुका खांब, आणि यांत त्यांचें कांहींएक चुकलें नाहीं. नात अमेरिकेंत राहते. तिनें धाडलेला नमुना तिथला. नातवानें शब्द जसाचा तसा उतरला, त्याचाही दोष नाहीं. तिघेंही खरीं, आणि दुपट्याचा मात्र झेंडू झाला.

आजीबाईंच्या पिढीला विलायती नांवें कां शिकविलीं गेलीं, याचें कारण उघड आहे. फ्रेंच भाषेंत क्रोशे म्हणजे लहानशी अंकडी. ही कला युरोपांत एकोणिसाव्या शतकांत फैलावली. आयर्लंडांत १८४५ नंतरच्या दुष्काळांत तर कित्येक घरांची चूल क्रोशाच्या जाळीवर पेटली. आपल्या देशांत ती मिशनरी बायकांच्या हातून आली. गोदावरीच्या मुखाजवळील नरसापूरच्या बायका आजही तिच्यावर पोट भरतात. पुण्यांत मुलींची शाळा हुजूरपागेंत १८८४ सालीं उघडली, आणि रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या श्रमांनीं १९०९ सालीं सेवासदन उभें राहिलें. मुलींना व प्रौढ बायकांना शिकवावयाचें तर पुस्तकाबरोबर सुईही हातीं द्यावयाची, हा त्या काळचा दंडकच होता. सुईबरोबर नमुन्यांचीं पुस्तकें आलीं, आणि तीं विलायतेचीं आलीं. घरोघरीं मात्र बायकांनीं तीं नांवें बाजूला ठेवून खांब, मुका खांब असे आपले शब्द केले. आमचें तर स्पष्ट मत आहे कीं वहींत नमुना उतरावयाचा तो याच शब्दांत उतरावा.

आलेला नमुना विलायती कीं अमेरिकन, हें ओळखण्यास फारसें पांडित्य लागत नाहीं. फेरीच्या आरंभीं किती सांखळ्या सांगितल्या आहेत तें आधीं पाहावें. 'डबल क्रोशे'च्या जागीं तीन सांखळ्या असतील तर नमुना अमेरिकन आणि टाका खांब. एकच सांखळी असेल तर नमुना विलायती आणि टाका मुका खांब. नमुन्यांत कोठेंही 'सिंगल क्रोशे' आला कीं तो अमेरिकन समजावा, कारण आजच्या विलायती नमुन्यांत त्या नांवाचा टाका नसतो. टाका सोडावयास सांगतांना अमेरिकन लोक 'स्किप' म्हणतात, इंग्रज 'मिस' म्हणतात. एवढ्या खुणा पुरेत.

आतां, बसक्या टाक्यांनीं विणलें तर झालरच कां यावी, नुसती लहान चांदणी कां होऊं नये, असें सूनबाईंनीं विचारलें. प्रश्न चांगला होता, व तो विचारतांना त्या दुपट्यापाशीं येऊन बसल्या हें आम्हांस त्याहून बरें वाटलें.

भास्कराचार्यांनीं लीलावतींत वर्तुळाचा परीघ काढण्याची स्थूल रीत सांगितली आहे : व्यासाला बावीसनें गुणून सातानें भागावें. त्रिज्येच्या हिशेबानें म्हणजे परीघ साधारण सव्वासहापट. गोल विणतांना आपण प्रत्येक फेरीस त्रिज्या एका टाक्याच्या उंचीनें वाढवितों. तेव्हां परीघ त्या उंचीच्या सव्वासहापट वाढला तरच काम सपाट बसेल. मुका खांब जेवढा रुंद तेवढाच उंच, म्हणून मुक्या खांबांच्या गोलांत दर फेरीस सहाच्या आसपास टाके वाढवितात. खांब दुप्पट उंच, म्हणून त्याच्या गोलांत बारा. आपल्या आज्या-पणज्यांनीं समईखालचे गोल रुमाल विणतांना हेच आंकडे धरले, आणि त्यांतल्या कितीजणींनीं लीलावती उघडली असेल देव जाणे.

चांदणीचें गणित थोडें वेगळें पडतें. तिचा कांठ टोंकांवर बाहेर जातो व दोन टोंकांमधल्या खांचेंत आंत येतो, त्यामुळें तेवढ्याच रुंदीच्या गोलापेक्षां तिला कांठ अधिक लागतो. बारा टोंकांच्या या चांदणींत प्रत्येक टोंकावर चार खांब वाढतात व प्रत्येक खांचेंत दोन सुटतात. म्हणजे एका टोंकामागें दोन, आणि बारा टोंकांना मिळून फेरीस चोवीस. खांबांच्या उंचीला हे चोवीस बरोबर पुरतात. मुका खांब उंचीला निम्मा, तेव्हां त्याला बाराच पुरे होते. आजीबाईंच्या कामांत मात्र दर फेरीस चोवीस घातले गेले. त्या जादा बारांनीं जावें कुठें? आंत जागा नाहीं, बाहेर जागा नाहीं; म्हणून ते वर-खालीं नागमोडी उठले. हीच झालर.

उलट बाजूही लक्षांत ठेवावी. टाके गरजेपेक्षां कमी वाढले तर कांठ तोकडा पडतो व काम वाटीसारखें आंत वळतें. बेळगांवच्या एका भगिनींनीं बारा टोंकांचा हाच नमुना पांच टोंकांवर आणला, पण टोंकावरची वाढ व खांचेंतली सूट तशीच ठेवली. फेरीस चोवीसाऐवजीं दहाच टाके वाढूं लागले आणि दुपट्याची टोपी झाली. टोंकांची संख्या बदलली कीं वाढीचा हिशेब नव्यानें मांडला पाहिजे. थोडक्यांत, झालर आली तर टाके जास्त किंवा टाका बसका. वाटी झाली तर टाके कमी किंवा टाका उंच.

गंमत अशी कीं आपण जिला बिघाड म्हणतों ती झालर गणितज्ञांना फार मोलाची वाटते. कॉर्नेल विद्यापीठांतील डायना टायमिना या मूळच्या लाटव्हियन गणितज्ञ बाईंनीं १९९७ सालीं दर ओळींत ठराविक प्रमाणानें टाके वाढवीत मुद्दाम असें झालरीचें काम क्रोशानें विणलें. युक्लिडचें समांतर रेषांचें गृहीत जेथें चालत नाहीं अशा भूमितींतला पृष्ठभाग त्यांना विद्यार्थ्यांच्या हातीं देऊन दाखवावयाचा होता, आणि कागदाचे नमुने लगेच फाटत. हें ऐकून नातू एकदम त्या झेंडूच्या बाजूचा झाला व "हें उसवूं नका," म्हणूं लागला. पण उसवणें भाग होतें. त्याच रंगाची लोकर पुन्हां आणावयास तो तुळशीबागेंत गेला तेव्हां पिवळी मिळाली खरी, परंतु शेजारीं ठेवल्यावर एक हळदीची तर एक लिंबाची. लोकर रंगविण्याचे घाणे निराळे असले कीं असें होतें. म्हणून गुंड्यावरच्या कागदी पट्टीवरील घाण्याचा आंकडा पाहून लागेल तेवढी लोकर एकदमच घ्यावी.

किती लागेल, याचाही अंदाज बायका बहुधा चुकतात. अर्धी रुंदी झाली म्हणजे अर्धी लोकर संपली, असें वाटतें. या चांदणीच्या पहिल्या दहा फेऱ्यांत एक हजार ब्याण्णव खांब आहेत, आणि पुढच्या दहा फेऱ्यांत तीन हजार चारशें ऐंशी. पहिल्या दहा फेऱ्यांना एक गुंडा लागला तर पुढच्या दहांना तीन गुंडे पुरत नाहींत, वर थोडी हवीच.

उसवण्याचें काम आजीबाईंनीं दुसऱ्या कोणाला करूं दिलें नाहीं. उसवलेला धागा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून त्याची लडी केली, चार ठिकाणीं सैल बांधली, कोमट पाण्यांत भिजवून पिळल्याशिवाय सांवलींत टांगली व खालीं एक लहानसा तांब्या अडकविला. लोकर अस्सल होती म्हणून दुसऱ्या दिवशीं धाग्याची कुरळ सरळ झाली. ही पायरी गाळून वांकडाच धागा पुन्हां विणला तर टाके सारखे दिसत नाहींत, आणि मग पुन्हां हाताच्या नांवानें ओरड.

आतां नमुना, आपल्या शब्दांत. सहा सांखळ्यांचें कडें करावें. पहिल्या फेरींत कड्यांत बारा खांब. आरंभींच्या तीन सांखळ्या हा पहिला खांब, येथें आणि पुढें सर्वत्र. दुसऱ्या फेरींत प्रत्येक टाक्यांत दोन, म्हणजे चोवीस. तिसऱ्या फेरींत टोंकें निघतात : एक टाका सोडावा, पुढच्या टाक्यांत दोन खांब, दोन सांखळ्या, दोन खांब घालावे, असें बारा वेळां. दोन सांखळ्यांची जी पोकळी राहते तें टोंक. चौथ्या फेरीपासून शेवटपर्यंत एकच नियम : टोंकाच्या पोकळींत दोन खांब, दोन सांखळ्या, दोन खांब, उतारावर टाक्यास टाका खांब, खांचेंतले मधले दोन टाके सोडावे, चढावर पुन्हां टाक्यास टाका. फेरी जोडतांना सुई आरंभींच्या तीन सांखळ्यांच्या माथ्यांत घालून धागा एकदम सुईवरच्या फांशांतूनही ओढावा, तसाच सरकत टोंकाच्या पोकळींत यावें आणि तेथूनच पुढील फेरी सुरू करावी.

पडताळा याहून सोपा. फेरीच्या आंकड्यांतून एक वजा केला कीं एका कडेचे टाके मिळतात, आणि त्याला चोवीसनें गुणलें कीं सबंध फेरीचे. पांचव्या फेरींत कड चार टाक्यांची, एकूण शहाण्णव. दहाव्या फेरींत नऊ, एकूण दोनशें सोळा. विसाव्या फेरींत एकोणीस, एकूण चारशें छप्पन्न. सर्व टाके मोजीत बसण्याचें कारण नाहीं. चोवीस कडांवरून नजर फिरवावी. जी कड आंकड्याला उतरली नाहीं तेथें चूक.

आजीबाईंनीं सुई कोनाड्यांतून काढली. मोजण्याचें काम सूनबाईंनीं आपणहून अंगावर घेतलें. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं त्या दिव्याखालीं बसून कडा तपाशीत. नवव्या फेरीस त्यांनीं हांक मारली : आठ टाके हवे तेथें एका कडेवर सातच. आजीबाई म्हणाल्या, मोजण्यांत चूक असेल. सूनबाईंनीं पुन्हां मोजलें, सातच. आम्हांस फोन आला. आम्हीं सांगितलें, टोंकापाशीं पाहा, टाका दडला असेल.

या चांदणींत सर्वांत ठकविणारी जागा हीच. टोंकाच्या पोकळींत दोन खांब घातले कीं ते शेजारच्या उतारावरील पहिल्या टाक्यावर झुकतात व त्याला झांकून टाकतात. डोळ्यांना दिसतो तो दुसरा टाका, आणि विणणारी त्यालाच पहिला समजून त्यांत सुई घालते. एका कडेचा एक टाका गेला तर कळणारही नाहीं. पण दर फेरीस दर टोंकापाशीं असें होत गेलें तर कडा वाढेनाशा होतात आणि दुपटें वाटीसारखें आंत वळतें. उपाय असा : पोकळींतले दोन खांब झाले कीं डाव्या अंगठ्यानें ते किंचित मागें लोटावे, खालीं दडलेला टाका दिसतो. ज्यांची दृष्टि मंद झाली आहे त्यांनीं त्या टाक्यांत निराळ्या रंगाच्या दोऱ्याची गांठ अडकवून ठेवावी. आजीबाईंनीं लाल दोरा घेतला.

बाकीच्या दोन तक्रारी आमच्याकडे पत्रांनीं आल्या आहेत, त्या येथेंच उरकतों. नाशिकच्या भगिनींची चांदणी भिंगरीसारखी एका अंगाला फिरते. त्यांनीं खांचेंतले दोन टाके सोडले आहेत, पण मधले सोडलेले नाहींत. एक बाजू दरवेळीं एका टाक्यानें लांब होते आणि खांच सरकत जाते. खांचेच्या दोन्ही बाजूंचे टाके सारखे आहेत ना, तें पाहून मगच सोडावे. सोलापूरच्या भगिनी लिहितात कीं धुतल्यावर टोंकें बोथट झालीं. अस्सल लोकर असेल तर ओलें दुपटें गादीवर पसरून प्रत्येक टोंक टांचणीनें ताणून वाळूं द्यावें. टोंकें पुन्हां निघतात. कृत्रिम धाग्याला हा उपाय फारसा लागू पडत नाहीं. त्याला चांगलें टोंक विणतांनाच आलें पाहिजे.

प्रयाणाच्या तीन दिवस आधीं विसावी फेरी पुरी झाली. दुपटें बैठकींतल्या सतरंजीवर पसरलें. टोंकापासून टोंकापर्यंत सुमारें पंचाहत्तर सेंटीमीटर, आणि टांचणी न लावतांही सपाट. आजीबाईंनीं त्यावरून एकदां तळहात फिरविला व म्हणाल्या, "बाराव्या फेरींत एक सांखळी सैल आहे." आम्हांस ती दिसली नाहीं. तयार पांघरूण पेटीच्या तळांतून निघालें आणि लाडवांचा डबा वाटेंत फुटूं नये म्हणून त्याच्याभोंवतीं गुंडाळलें गेलें. नातवानें वहींतलें जुनें पान खोडून त्याखालीं 'खांब' हा शब्द घालून सारा नमुना नव्यानें लिहिला. झेंडूचा फोटो मात्र त्यानें काढून ठेवला आहे.

अर्धा गुंडा उरला आहे. तेवढ्यांत टोपडें होईल कीं कमी पडेल, असें आजीबाईंनीं विचारलें आहे. टोपड्याचा घेर व कानपट्टीचे टाके यांचा हिशेब पुढील अंकीं देऊं. तोंवर ज्या भगिनींकडे जुन्या घडणीचें टोपडें असेल त्यांनीं त्याच्या घेराचे टाके मोजून कळवावे.